वय २८, अंग साठीचं: रिपोर्ट सगळे नॉर्मल, मग दुखतंय काय?

ओसरी
नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय आणि तोही रडगाण्याचा.

मूळची सांगलीची, हिंजवडीत नोकरी, शाकाहारी. दीडेक वर्ष झालं, थकवा जात नाही. काम करून येतो तसला थकवा नाही हा. आठ तास झोपून उठते तेव्हा वाटतं की रात्रभर मार्केट यार्डात पोती उचलली. जोडीला दुखणं: कधी गुडघा, कधी उजवी टाच, कंबर तर रोजची. आज इथे, उद्या तिथे.

तीन डॉक्टर झाले. पहिले म्हणाले स्ट्रेस. दुसऱ्यांनी पेनकिलर दिली. तिसऱ्यांनी भलं मोठं पॅकेज करायला लावलं. हिमोग्लोबिन ११.१, व्हिटॅमिन बी-१२ १७६ आणि डी ११, म्हणजे दोन्ही कमी, थायरॉईड ठीक, युरिक ॲसिड ठीक, आरए फॅक्टर (संधिवाताची रक्ततपासणी) निगेटिव्ह. ईएसआर (शरीरात कुठे सूज आहे का याचा अंदाज देणारी तपासणी) ३४ आला, तर "मुलींचा असतो थोडा वाढलेला" म्हणून सोडून दिला. इंजेक्शनं घेतली, डीच्या पुड्या घेतल्या. आता डी ४१, बी-१२ ५४०. आकडे सुधारले, मी आहे तिथेच.

आईचं निदान: लग्न झालं की सगळं सुरळीत होईल.

तुमच्यापैकी कुणाला तरुणपणी असं झालंय का? शेवटी कारण काय निघालं?

पंक्चर_काढून_मिळेल
हिंजवडी. निदान झालं. पुढचा पेशंट.

सुगरण
बाळा, अळीव, डिंक, खारीक, गोडंबी घालून लाडू कर. सकाळचं कोवळं ऊन अंगावर घे. आमच्या वेळी कुणाला डी माहीत नव्हतं, अंगणात पापड वाळत घालताना आपोआप मिळायचं.

चष्मिस
सुगरणताई, लाडवांना माझा पाठिंबा आहे, पण कोवळ्या उन्हाचा हिशोब थोडा वेगळा आहे. डी तयार व्हायला ज्या किरणांची गरज असते ते सकाळी सातच्या उन्हात फारसे नसतात. दहा-अकरानंतरचं ऊन लागतं, आणि त्या वेळी आपण सगळे एसीत.

माझी स्वतःची गोष्ट. तिशीत मांड्या आणि नडग्या दुखायच्या. पंगतीत मांडी घालून बसलं की हात टेकल्याशिवाय उठता यायचं नाही. जिना चढताना कठड्याला लोंबकळायचे. ते सांध्यांचं दुखणं नव्हतंच, हाडं मऊ पडली होती. डी ७ होता. भरून काढल्यावर तीन-चार महिन्यांत जिना सुटला. म्हणजे डीने दुखतं हे खरं, पण ते असं दुखतं: हाडात, आणि मांड्या-दंडांत ताकद नाही असं. आज गुडघा उद्या टाच हा त्याचा स्वभाव नाही.

बी-१२चं म्हणाल तर पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर आयुष्य घातलंय. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात दोनतृतीयांश बायकांचं बी-१२ कमी निघालं. म्हणजे आपल्याकडे ज्याचं तपासाल त्याचं कमीच निघणार. कमी निघालं म्हणजे तेच कारण, असं नाही.

शंकेखोर
याला +१. रस्त्यात चोर शोधायला गेलात आणि चष्मा लावलेला माणूस सापडला म्हणून त्यालाच धरलं, तसं आहे हे. अर्धं गाव चष्मा लावतं.

(चष्मिस, राग नसावा.)

चष्मिस
राग कसला. पुढच्या कट्ट्याला वडापाव तुमच्याकडून.

खडीसाखर
डीच्या पुड्यांवरून. माझ्या मामांनी ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक घ्यायची ती रोज एक घेतली, दीड महिना. "जास्त घेतलं तर लवकर भरेल." उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, शेवटी असंबद्ध बोलायला लागले. रक्तातलं कॅल्शियम चढलं होतं, आठ दिवस ॲडमिट. हे पाण्यात विरघळणारं जीवनसत्त्व नाही, जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही. औषधवाला चिठ्ठीशिवाय देतो म्हणून ते गोळ्याबिस्किटं होत नाहीत.

बार्शीचा_बाळू
ओसरीताई, दुखणं सुरू होण्याआधी ताप आला होता का? २०२४ च्या पावसाळ्यात पुण्यात आणि नागपुरात चिकुनगुन्याने घरंच्या घरं आडवी केली होती. डेंग्यूचा ताप उतरला की माणूस उठतो, चिकुनगुन्याचा ताप उतरतो आणि सांधे मागे ठेवून जातो. माझ्या मेव्हण्याला आठ महिने मूठ वळत नव्हती, सकाळी ब्रशवर पेस्ट बायको लावून द्यायची.

आमच्या गावाचं नाव या रोगाच्या इतिहासात आहे बरं का. १९७३ साली बार्शीला साथ आली होती. त्यानंतर देशात हा रोग तीसेक वर्षं जवळजवळ गायबच होता, तो एकदम २००५-०६ ला परत आला. वडील सांगतात, तेव्हा माणसं काठी घेऊन बाजाराला जायची, विशीतलीसुद्धा. मूळ शब्द आफ्रिकेतला, टांझानियाकडच्या माकोंदे भाषेतला, अर्थ वाकवून टाकणारा. कोंबडीशी काही संबंध नाही, तरी आमच्याकडे लोकांनी तेव्हा चिकन सोडलं होतं.

पंक्चर_काढून_मिळेल
बार्शीकरांनी चिकन सोडलं ही खरी साथ.

ओसरी
बाळूदादा, ताप आला नव्हता. किंवा लक्षात राहावा असा तरी नाही.

झाडीपट्टी
पुण्यामुंबईच्या लोकांची यादी डी आणि बी-१२ वर संपते. आमच्याकडे या, मग सांगतो.

विदर्भात तरुण पोरगं सारखं थकतं, डोळे पिवळट, थंडीत नाहीतर तापात हाडं-सांधे फुटल्यासारखे दुखतात, असं म्हटलं की आधी सिकलसेल बघायचं. माझा चुलत भाऊ बारावीपर्यंत "आळशी" होता. घरच्यांनी मारलंय त्याला अभ्यासावरून. मग खुब्यात दुखायला लागलं, लंगडायला लागला, तेव्हा कळलं की खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठाच तुटलाय. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नळ्यांत अडकतात, दुखणं त्याचं. आता हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू आहे, कळा पुष्कळ कमी झाल्या. माय अजून म्हणते, "कायले मारलं बाप्पा लेकराले."

हा आजार फक्त आदिवासींत असतो हा गैरसमज आहे. वाहक असलेल्याला सहसा काही त्रास नसतो, पण दोन वाहकांचं लग्न झालं तर मुलांत येऊ शकतो. जुलै २०२३ पासून केंद्राची मोहीम आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते. पत्रिका नंतर जुळवा, सिकलसेल तपासणीचं कार्ड आधी जुळवा.

दुसरं म्हणजे पाणी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या किनवटकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. त्याच्या वर वर्षानुवर्षं प्यालं की दातांवर तपकिरी पट्टे, मग मान-कंबर आखडते. डॉक्टर गोळ्या देतो, माणूस घरी जाऊन त्याच गोळ्या त्याच पाण्याबरोबर गिळतो.

शंकेखोर
शेवटचं वाक्य वाचून थांबलो.

गुरांचा_डॉक्टर
मी पशुवैद्यक, पश्चिम महाराष्ट्रात. ओसरी यांना लागू नसेल, पण धागा पुढे कुणीतरी वाचेल म्हणून लिहितो. ब्रुसेला, जनावरांतून माणसात येणारा जिवाणू. गाभण गाय सहाव्या-सातव्या महिन्यात गाभ टाकते, वार अडकते, शेतकरी उघड्या हाताने काढतो. दोन-चार आठवड्यांनी त्याला येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, पाठ आणि सांधे धरतात, गळून जातो. गावात टायफॉईड म्हणून सलाईन लागतात. मी स्वतः भोगलंय: सात महिने, आणि निदान मीच सुचवलं. दोन अँटिबायोटिक्स सहा आठवडे घ्यावी लागली. कच्चं दूध पिण्याची हौस असणाऱ्यांनीही ऐका. धारोष्ण दुधाचं कौतुक मला सांगू नका. सरकारी योजनेत चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना याची लस मिळते, ती टोचून घ्या.

सुगरण
अरे देवा. आमचे आजोबा म्हशीखाली लोटा धरून प्यायचे.

पंक्चर_काढून_मिळेल
म्हशीचं काय मत होतं?

निरगुडी
इतकं सगळं आधुनिक झालं, कुणी आमवाताचं नाव घेईना. अपचित आम, म्हणजे नीट न पचलेला अन्नरस, सांध्यांत जाऊन बसतो, अंग जड, तोंडाला चव नाही, सांधे सुजतात. माधवनिदान या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात स्पष्ट वर्णन आहे. रात्री दही बंद, सुंठ-एरंडेल सुरू, लंघन. तीन महिन्यांत फरक पडतो.

झाडीपट्टी
रात्रीचं दही सोडून फ्लोराइड जाणार का?

निरगुडी
मी फ्लोराइडबद्दल बोललेच नाही. प्रत्येक ठिकाणी एकच हत्यार चालवायचं नसतं, हे आयुर्वेदच सांगतो.

निवासी_अजूनही
निरगुडी यांचं निरीक्षण खोटं नाही. वर्णन खरोखर बारकाईने केलेलं आहे. माझं भांडण वैद्यांशी नाही, "गॅरंटीची पुडी" देणाऱ्यांशी आहे. कागदात गुंडाळलेली करड्या रंगाची भुकटी, नाव नाही, घटक नाहीत, तिसऱ्या दिवशी माणूस पळायला लागतो. एवढ्या झटपट गुण आला की समजावं, आत बहुधा स्टिरॉइड आहे. वर्षभराने चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि मग घाबरून एकदम बंद केलं की शरीराची स्वतःची यंत्रणा झोपलेली असते, बीपी पडून माणूस आमच्या कॅज्युअल्टीत येतो. असं काही घेत असाल तर डॉक्टरला लपवू नका आणि स्वतःहून एका दिवसात तोडू नका.

मी मेडिसिनची डॉक्टर आहे, पण इथे निदान करणार नाही, करूही नये. ओसरी, चार प्रश्न विचारते, उत्तरं इथे दिली नाहीत तरी चालेल. तुमच्या पुढच्या डॉक्टरांना मात्र द्या.

सकाळी अंग आखडलेलं असतं का, आणि मोकळं व्हायला किती वेळ लागतो? पाच मिनिटं की चहा होऊन, अंघोळ होऊन, बस पकडेपर्यंत?
कंबर पडून राहिल्यावर बरी वाटते की हिंडल्यावर?
दुखण्याने रात्री जाग येते का, किती वाजता?
आणि सांध्यांशी संबंध नाही असं वाटणारं काही: तोंडात फोड, उन्हात चेहऱ्यावर चट्टे, केस गळणं, डोळा लाल होणं, पोट सारखं बिघडणं, सोरायसिस, घरात कुणाला असं काही?

उन्हाचे चट्टे आणि तोंडातले फोड असतील तर ल्युपसचा विचार करतात. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते. तो दहात नऊ वेळा बायकांनाच होतो आणि त्यात लघवीची साधी तपासणी विसरायची नसते. बोटांचे छोटे सांधे दोन्ही हातांना सारखे सुजत असतील तर संधिवाताचा. त्यात आरए फॅक्टर निगेटिव्ह आला तरी आजार असू शकतो, आणि चिकुनगुन्या किंवा टीबीतसुद्धा तो पॉझिटिव्ह येऊ शकतो. युरिक ॲसिडबद्दल तर बोलायलाच नको. तिशीच्या आतल्या मुलीला गाउट, म्हणजे युरिक ॲसिड साठून सांधा सुजणं, हा अपवादानेच, पण प्रत्येक पॅकेजमध्ये ती तपासणी असतेच.

लीड्सचा_पांडू
जरा आडवा येतो. वर दोघातिघांनी मला खासगी निरोप केलाय की ओसरीला सांग, सकाळी उठून पळायला लाग. कृपा करून सरसकट सांगू नका.

मी ३१ वर्षांचा. फ्लूसारखं काहीतरी झालं आणि त्यातून उठलोच नाही. रक्त स्वच्छ. माझा प्रकार असा की आज जिना दोनदा चढलो तर आज काही होत नाही, उद्या-परवा आडवा होतो, तेही दोन-दोन आठवडे. डोक्यात धुकं, वाक्य अर्धं राहतं. झोपून उठलो तरी ताजं वाटत नाही. याला एमई/सीएफएस म्हणतात. इथे आधी "रोज थोडा थोडा व्यायाम वाढवा" हेच औषध होतं. ब्रिटनमधल्या नाइस या आरोग्यसंस्थेने २०२१ मध्ये मार्गदर्शक सूचना बदलल्या आणि ठरावीक पायऱ्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा तो कार्यक्रम काढून टाकला. कोव्हिडनंतर माझ्यासारखे पुष्कळ झाले, तेव्हा कुठे लोक ऐकून घ्यायला लागले. आई फोनवर अजून विचारते, "पण नक्की झालंय काय?" मराठीत याला शब्द नाही. थकवा म्हटलं की लोक म्हणतात, आम्हीपण थकतो रे.

चष्मिस
पांडू, तू कट्ट्याला का येत नाहीस ते आज कळलं. आम्ही तुला शिष्ट म्हणत होतो.

लीड्सचा_पांडू
शिष्टही आहेच :)

निवासी_अजूनही
पांडू यांचा मुद्दा मोलाचा. "हिंडल्यावर कसं वाटतं" हा प्रश्न मी त्यासाठीच विचारला. काहींना हालचालीने बरं वाटतं, काहींना दोन दिवसांनी त्याची शिक्षा मिळते, काहींना काहीच फरक पडत नाही. तिघंही "थकवा आणि अंगदुखी" एवढंच लिहितात.

ओसरी
सगळ्यांचे आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. इथेच उत्तरं देते.

सकाळी तासभर तरी लागतो. अंघोळीचं गरम पाणी कंबरेवर घेतलं की जरा वाकता येतं, मोजे त्यानंतर. पहाटे तीन-चारला जाग येते, कूस बदलताना. उठून घरात दोन फेऱ्या मारते आणि परत झोपते. रूममेट म्हणते भूत आहेस. रविवारी दिवसभर लोळले की सोमवारी जास्त दुखतं. ऑफिसच्या ट्रेकला मात्र मी ठणठणीत होते, म्हणून तर सगळ्यांना वाटतं की मी नाटकं करते.

तोंडात फोड वगैरे नाही. दोन वर्षांपूर्वी डावा डोळा लाल होऊन प्रचंड दुखला होता, उजेड सहन होईना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब दिले, काहीतरी लांब नाव सांगितलं होतं. त्याचा इथे काय संबंध असणार म्हणून लिहिलं नव्हतं.

वाकडा_तिकडा
ओसरी, मी इथे कधी लिहीत नाही. फक्त हे वाचून लॉगिन केलं. पहाटे तीन, घरात फेऱ्या, रविवारी लोळल्यावर वाईट, लाल डोळा. ही माझी डायरी आहे.

मला १९ व्या वर्षी सुरू झालं. स्लिप डिस्क म्हणून पट्टा, ट्रॅक्शन, "सक्त विश्रांती". विश्रांतीने माझी वाट लागली. २८ व्या वर्षी, डोळा तिसऱ्यांदा लाल झाला तेव्हा एका तरुण नेत्रतज्ज्ञ बाईंनी विचारलं, "कंबर दुखते का?" डोळ्याच्या डॉक्टरने. नऊ वर्षं हाडांच्या दवाखान्यात कुणी डोळ्याचं विचारलं नव्हतं. अँकिलोसिंग स्पॉण्डिलायटिस, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज येऊन ते हळूहळू जुळत जाणं. तोवर मणक्याचा काही भाग जुळून गेला होता, आता मागून हाक मारली की पूर्ण वळतो. ऱ्ह्युमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाकडे जा. हाडांच्या नाही, ऱ्ह्युमॅटॉलॉजिस्ट.

शंकेखोर
पण हा पुरुषांचा आजार ना?

निवासी_अजूनही
तसं शिकवलं जायचं, म्हणूनच बायकांचं निदान आणखी उशिरा होतं. एक्स-रे बरीच वर्षं स्वच्छ दिसू शकतो, एमआरआयमध्ये सूज आधी दिसते. एचएलए-बी२७ नावाच्या जनुकाची तपासणी सांगतील, ती पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच असं नाही. ते जनुक असलेले बहुतेक लोक आयुष्यभर ठणठणीत असतात. ओसरी, डोळ्यांची ती जुनी फाईल शोधा. आणि परत सांगते, हे निदान नाही.

पंक्चर_काढून_मिळेल
मी "हिंजवडी" मागे घेतो.

ओसरी
सहा आठवड्यांनी धागा वर काढतेय.

फाईल सांगलीला माळ्यावर सापडली, दिवाळीच्या कंदिलाखाली. त्यावर युव्हायटिस लिहिलेलं, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. ऱ्ह्युमॅटॉलॉजिस्टची वेळ तीन आठवड्यांनी मिळाली. ते कमरेच्या खाली, माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना दाबून बघत होते आणि मी किंचाळले. टाचही बघितली, म्हणाले ती वेगळी नाही, त्याच घरातली. एक्स-रे नॉर्मल. एमआरआयमध्ये दोन्ही सॅक्रोइलिॲक सांध्यांना, म्हणजे कणा आणि कमरेचं हाड जुळतं तिथे, सूज. बी२७ पॉझिटिव्ह. वाकडा_तिकडा यांच्या आजाराच्याच जातकुळीतला आजार, अजून हाड जुळलेलं नाही.

सध्या सूज कमी करणारी गोळी नियमाने, पोटाचं औषध सोबत, आणि फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम. पुरेसा फरक पडला नाही तर पुढची इंजेक्शनं आहेत म्हणाले, किंमत ऐकून आईने हात जोडले. सकाळचा तास आता वीस मिनिटांवर आलाय. थकवा निम्मा आहे अजून. डी खरंच कमी होता, तोही भरला ते बरंच झालं.

आईला सगळं नीट समजावलं. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे स्थळांना हे सांगायचं का?"

वाकडा_तिकडा
नऊ वर्षं वाचली तुमची. फार बरं वाटलं.

झाडीपट्टी
स्थळांना सांगा. जो पळून जाईल त्याचा एमआरआय करायची गरज नाही.

लीड्सचा_पांडू
अभिनंदन म्हणायचं की काय कळत नाही, पण नाव मिळालं ते चांगलं झालं. थोडा हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू.

सुगरण
ओसरी, लाडू करून ठेवलेत. हिंजवडीला कुणी येणारं आहे का?

पंक्चर_काढून_मिळेल
मी आहे. पोहोचतील तेव्हा किती उरतील ते सांगू शकत नाही.